हरल्याचे पेढे

निवडणूक जिंकल्यावर पेढे वाटणारे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. हरल्यावर पेढे वाटणारा माणूस पाहायचा असेल तर रायपूरला, तात्यापाऱ्यात, आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर यावं लागेल. तिथे मधुभैया राहतात. त्यांच्या त्या पेढ्यांनी या वर्षी आमच्या वार्डाची निवडणूक फिरवली, हे मी आधीच सांगून टाकते. अंगणात अजून गुलाल आहे, झाडून जात नाही, आणि मलाही धीर धरवत नाही.

पाऱ्यातली, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली, मुलं त्यांना काहून अंकल म्हणतात. काहून म्हणजे का. विदर्भातून इकडे आलेल्या आमच्या लोकांच्या तोंडात हा शब्द असतोच, पण मधुभैयांच्या तोंडात तो मुक्कामाला आहे. माझी मुलगी मराठी सगळं समजते, उत्तर मात्र हिंदीत देते. दार उघडून ती आत ओरडते, "मम्मी, काहून अंकल आए हैं!" आणि ते दारातूनच विचारतात, "काय वं पोट्टे, मराठीत काहून नाई सांगत?"

भाजीवालीला ते विचारतात, "दीदी, तुमची भेंडी वाकडी काहून?" डॉक्टरांनी ब्लडप्रेशर वाढलंय म्हटलं तर म्हणाले, "काहून?" डॉक्टरांनी समजावलं, त्यावर पुन्हा काहून, त्यावर पुन्हा काहून. शेवटी डॉक्टरांनी स्वतःच्या दंडाला पट्टा बांधून घेतला. एका लग्नात तर त्यांनी बोहल्यावर चढणाऱ्या नवरदेवाला विचारलं, "आजच काहून?" नवरदेव विचारात पडला. मुलाच्या आईनं मधुभैयांना हाताला धरून जेवायला बसवलं, तेव्हा लग्न लागलं.

त्यांचा एक पक्ष आहे. पक्षाचं नाव मी सांगत नाही, आमच्या घरी दोन्हीकडचे लोक चहाला येतात. तरुणपणी पक्षानं त्यांना सभेच्या सतरंज्या उचलायचं काम दिलं आणि ते आजतागायत त्या उचलत आहेत. पद मिळालं नाही, तिकीट मिळालं नाही, मागितलंही नाही. लग्न केलं नाही. "लग्न काहून नाई केलं?" असं माझ्या यजमानांनी एकदा त्यांनाच विचारून सूड उगवला, तेव्हा म्हणाले, "मीटिंगा असत नं, भाऊ."

घरात ते आणि त्यांची मोठी बहीण, आक्का. आई गेली तेव्हा मधुभैया पाटी-पेन्सिलीच्या वयाचे. आक्कांचे यजमान लग्नानंतर लवकरच गेले, त्या माहेरी परतल्या आणि त्यांनीच या भावाला वाढवलं. पुढे भावाबरोबर त्याचा पक्षही त्यांच्या पदरात पडला. मीटिंग असली की चहा आक्कांचा, प्रचार असला की चिवडा आक्कांचा. राजकारणावर त्या एक शब्द बोलत नसत आणि त्यांना कोणी विचारतही नसे. जगाला काहून विचारत फिरणारे मधुभैया घरात एकच प्रश्न विचारत, "आक्का, चहा झाला का?"

गेल्या वर्षी पार्षदाची, म्हणजे नगरसेवकाची, निवडणूक लागली. मधुभैयांच्या पक्षाच्या उमेदवार होत्या नीलूताई, सदर बाजारातल्या एका सराफाची सून. बोलायला गोड, कामाला वाघीण. संक्रांत नुकतीच झाली होती. मराठी बायकांची मतं एकगठ्ठा मिळवायची तर मोठं हळदीकुंकू करा, असं पक्षातल्या कोणा पुरुषाच्या डोक्यात आलं. सभागृह ठरलं, वाणाला स्टीलचे डबे आले आणि घरोघर पत्रिका गेल्या. पत्रिकेवर लिहिलं होतं, 'वार्डातील समस्त माता-भगिनी'.

तिळाचे लाडू अर्थातच आक्कांनी केले. ठेवणीतली फिकट निळी साडी नेसून, लाडवांचा डबा घेऊन त्या आमच्याबरोबरच निघाल्या. सभागृहाच्या दाराशी नीलूताई कुंकवाचा करंडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मला लावलं, माझ्या जावेला लावलं. मग आक्का पुढे आल्या आणि नीलूताईंचा हात थबकला. अगदी मऊ आवाजात त्या म्हणाल्या, "आक्का, डबा इथंच द्या नं. आत हळदीकुंकू आहे."

त्यात टोमणा नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. सासूनं शिकवलेली रीत होती, ती तोंडातून बाहेर पडली. आक्का नुसतं "हव" म्हणाल्या, डबा दिला आणि वळल्या. त्यांच्यामागे पाऱ्यातल्या आणखी काही पांढऱ्या कपाळाच्या बायका उभ्या होत्या, पत्रिकेतल्या 'समस्त'वर विश्वास ठेवून आलेल्या. कोणी काही सांगायच्या आत त्याही वळल्या.

आत आम्हाला लाडू वाटले. एरवी आक्कांचा लाडू हातात आला की बायका पाक कसा केला ते विचारतात. त्या दिवशी कोणी काही विचारलं नाही. सगळ्या खाली मान घालून बसल्या होत्या, आणि मला इतका राग आला होता की वाणाचा डबा मी खुर्चीवरच ठेवून आले. जिन्यात आक्का भेटल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "मध्याले सांगू नोको वं. त्याचं इलेक्शन आहे."

इलेक्शन झालं आणि पक्ष असा आपटला की आवाज शहराबाहेर बीरगांवपर्यंत गेला असेल.

हरल्याची कारणं शोधायला बैठक भरली, ती मधुभैयांच्याच वरांड्यात. आमची गॅलरी बरोबर वर आहे, त्यामुळे मी हजर होते म्हणायला हरकत नाही. एक जण म्हणाला मशीन बिघडलं होतं. दुसरा म्हणाला लग्नसराई होती, आपले मतदार वऱ्हाडात गेले. तिसऱ्याला समोरच्यांचं प्रचाराचं गाणं चांगलं वाटलं होतं; मतदानाच्या दिवशीही तो तेच गुणगुणत होता, असं कोणीतरी म्हणालं आणि तिथे थोडी बाचाबाची झाली. एकानं पक्षाच्या कार्यालयाचं दार दक्षिणेला आहे याकडे लक्ष वेधलं. आक्का चहाचा ट्रे घेऊन या सगळ्यांमधून फिरत होत्या. पुरुषांपैकी एकालाही कारण ठाऊक नव्हतं आणि ज्या बाईला ठाऊक होतं तिला ते "आक्का, शक्कर थोड़ी और" म्हणत होते.

मधुभैया उठले. "हारलो तं हारलो," म्हणाले, "पण काहून हारलो, हे ज्यायनं हरवलं त्यायलेच विचारू नं!"

पक्षाच्या अध्यक्षजींनी बशीतला चहा संपवला. "हारने के बाद जनता के घर कौन जाता है, भैया?"

"मी जातो," मधुभैया म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा कुडता घालून, हातात पेढ्यांचा डबा घेऊन निघाले. त्यांचा नियम असा की ज्यानं पक्षाला मत दिलं नाही त्याला पेढा, आणि दिलं त्याचे नुसते आभार. "खरं बोलाची भेव वाटते लोकायले," त्यांनी मला जिन्यात समजावलं. "तोंड गोड केलं की जीभ सुटते, वहिनी."

जीभ सुटली खरी. पण पेढे सदर बाजारातल्या चांगल्या हलवायाचे, वर केशराची काडी, आणि नुसते आभार कोणाला हवेत? गच्चीवर पक्षाचा झेंडा लावलेल्या घरानंसुद्धा "नाई हो, आम्ही कुठे दिलं!" म्हणत हात पुढे केला. ज्यांचं मतदानाचं वय व्हायला अजून दोन-तीन संक्रांती लागतील अशी पोरं रांगेत उभी राहिली. दुपारपर्यंत मधुभैयांचा अंदाज असा झाला की पाऱ्यात पक्षाला नीलूताईंचं स्वतःचं मत तेवढं पडलं असावं, आणि तेही खात्रीचं नाही.

कारणंही मिळाली. नाली तुंबते. कुत्रे भुंकतात. पोस्टरवरच्या फोटोत उमेदवारबाई हसत होत्या, भेटल्यावर हसल्या नाहीत. ही सगळी पुरुषांची कारणं. बायका पेढा घेत, पदराआड खात आणि एवढंच म्हणत, "आक्का बऱ्या आहेत नं?" मधुभैया आनंदानं सांगत, "एकदम फस्क्लास!" आणि पुढच्या घरी जात.

संध्याकाळच्या आत ते आमच्याकडे आले. मी पेढा घेतला. खोटं बोलून घेतला नाही, एवढं सांगते.

"तुम्ही पण, वहिनी? काहून?"

"भैया," मी म्हटलं, "सगळा पारा फिरलात. एक घर राहिलं."

"कोणतं?"

"खालचं. तुमचं."

ते खो-खो हसले. "आक्काचं मत तं घरचंच आहे. ते कायले विचारायचं?"

"काहून नाही विचारायचं?" मी म्हटलं.

त्यांचाच शब्द त्यांच्या कानावर पडला आणि ते हसायचे थांबले. काखेत कळसा नि गावाला वळसा ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, पण ती माणसाच्या चेहऱ्यावर उमटताना तेव्हा पहिल्यांदा पाहिली. ते डबा घेऊन खाली उतरले. मी कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले. कपडे सकाळीच वाळत घातलेले होते, पण गेले.

मधुभैया घरात शिरले नाहीत. अंगणात उभं राहून त्यांनी स्वतःच्याच घराची बेल वाजवली. आक्का बाहेर आल्या. "काहून रे? दार तं उघडंच आहे."

"मी मतदाराले भेटायले आलो," मधुभैया म्हणाले. दिवसभर प्रत्येक दारात जोडले तसे हात जोडले. "आमच्या पक्षाले मत दिलं का तुम्ही?"

आक्कांना ते जन्मात पहिल्यांदा तुम्ही म्हणाले असतील. आक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. पदराला हात पुसला आणि एक पेढा उचलला.

पुऱ्या पाऱ्यानं पेढ्यासाठी खोटं सांगितलं होतं. पण आक्का गोड खात नाहीत. वर्षानुवर्षं आपल्या वाटणीचं गोड त्यांनी मध्यासाठी झाकून ठेवलेलं आहे. त्यांनी तो पेढा भावाच्या समोर, हळूहळू, पुरा खाल्ला.

मधुभैयांनी काय विचारलं ते मला वरून ऐकू आलं नाही. दुसरं काय विचारणार!

"माहा लाडू आत गेला, मध्या," आक्का म्हणाल्या. "मी बाहेर राह्यली."

मग त्यांनी दारातला प्रसंग सांगितला. रडून नाही, रागावून नाही, वाण्याकडून काय आणायचं ते सांगावं तसा सांगितला. मधुभैया पायरीवर बसले. "मले सांगितलं काहून नाई?"

"तू विचारलं काहून नाई? साऱ्या गावाले विचारतं. मले विचारतं चहाचं."

त्यानंतर काही दिवस पाऱ्यात काहून ऐकू आला नाही. भाजीवालीची भेंडी तशीच वाकडी होती, पण मधुभैया निमूट घेऊन गेले. तिनं मला काळजीनं विचारलं, "काहून भैया बीमार हैं क्या?" बीमार नव्हते. सगळे प्रश्न घरात खर्च होत होते. खालून मला ऐकू येई, "आक्का, तुले आज काय खावंसं वाटते? आक्का, पंखा लागते का? आक्का, लहानपणी तुले काय व्हायचं होतं?" शेवटी आक्काच वैतागल्या. "अरे किती विचारतं! जाय, पार्टीत जाय."

ते पार्टीत गेले आणि पुन्हा बैठक बोलावली. घडलं ते सगळं त्यांनी सांगितलं. अध्यक्षजी म्हणाले, "इतनी सी बात पर कोई चुनाव हारता है?" मधुभैयांनी वाद घातला नाही. प्रत्येकाच्या हातावर एकेक पेढा ठेवला आणि म्हणाले, "घरी जा. आई, बायको, वहिनी, जी असंल तिले विचारा. आपल्याले मत दिलं असंल तं पेढा वापस आणा."

संध्याकाळी सगळे परतले, रिकाम्या हातांनी. एक जण म्हणाला, आईनं अर्धा घेतला नि बायकोनं अर्धा. ज्याला समोरच्यांचं गाणं आवडायचं त्याच्या घरी तर बहिणीनं त्याला दारातच सुनावलं होतं. अध्यक्षजी सगळ्यांत शेवटी आले. सगळ्यांच्या नजरा त्यांच्या हाताकडे. त्यांनी हात पाठीमागे नेला, घसा साफ केला आणि म्हणाले, "मधु भैया, आगे बोलो."

बोलण्यासारखं फार नव्हतंच. आक्कांच्या बाजूनं सबंध वार्डातल्या बायकांनी, कोणी कोणाला न सांगता, बटण दाबलं होतं. मग पक्षात एक नवी पद्धत पडली. कोणीही दुसऱ्याच्या दारात मत मागायला जायच्या आधी स्वतःच्या घरात विचारून यायचं. आणि बैठकीत चहा ज्याला हवा त्यानं उठून करायचा. या दुसऱ्या नियमानं बैठका फार लहान झाल्या, त्यामुळे कामं होऊ लागली. तुंबलेली नालीसुद्धा हरलेल्या पक्षानं निगमाच्या, म्हणजे महापालिकेच्या, मागे लागून साफ करून घेतली.

एका दुपारी नीलूताई आक्कांकडे आल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या. "आक्का, मले वाटलं, आत सगळ्यांसमोर कुंकू नाही लावलं तं तुम्हाले वाईट वाटंल, म्हणून बाहेरच..."

"वाईट वाटून घ्याचं का नाई ते मी पाहीन," आक्का म्हणाल्या. "तू विचाराचं होतं."

नीलूताई रडल्या. आक्कांनी त्यांना लाडू दिला, आणि तो खाऊन होईपर्यंत समोर बसून राहिल्या.

पुढे निवडून आलेले पार्षदसाहेब वरच्या कुठल्याशा खुर्चीवर गेले, वार्ड रिकामा झाला आणि या वर्षी संक्रांतीनंतर पोटनिवडणूक लागली. तेच सभागृह, तेच हळदीकुंकू, त्याच नीलूताई. फक्त दारात कुंकवाचा करंडा घेऊन उभ्या होत्या आक्का, त्याच फिकट निळ्या साडीत. येणाऱ्या प्रत्येकीला त्या विचारत होत्या, "लावू?" गेल्या वर्षी वळलेल्या सगळ्या आल्या, आणि शेजारच्या पाऱ्यांतून त्यांच्या बहिणी, नणंदा, विहिणी आल्या. कोणी कुंकू लावून घेतलं, कोणी नुसती हळद, कोणी म्हणे मले गुलाबपाणी बस झालं. एक म्हातारी म्हणाली, "दोनदा लाव बाई, बाकी राह्यलं आहे." शेवटी नीलूताई आक्कांच्या पुढे उभ्या राहिल्या. "आक्का, लावू?"

आक्कांनी थोडा विचार केला. "हळद लाव. कुंकवाचं पुढच्या वर्षी पाहू."

सभागृहात टाळ्या पडल्या, अशा की बाहेरचा ढोलवाला आपल्यालाच बोलावलं समजून वाजवत आत आला. लाडू पुरले नाहीत. समोरचा पक्ष त्या दिवशी डीजे लावून सगळ्या वार्डात फिरत होता, पण त्यांचं गाणं ऐकायला घरात कोणी बाईच नव्हती.

आणि जिंकलो! मी जिंकलो म्हणते, म्हणू द्या. मतमोजणी संपायच्या आत सदर बाजारात फटाके सुरू झाले. मिरवणूक निघाली ती दुचाकीवाल्यांचे हॉर्न, ढोल आणि गुलाल यांच्या गदारोळात आमच्या पाऱ्यात शिरली. गॅलऱ्या बायकांनी भरल्या होत्या. निकाल ऐकल्यावर मधुभैयांनी नुसते हात जोडले होते. अध्यक्षजींनी त्यांना जीपवर ओढून घेतलं, माईक हातात दिला आणि म्हणाले, "जीत का राज़ बताओ, भैया!"

मधुभैयांनी माईक तोंडाशी धरला. "जिंकलो तं जिंकलो. पण काहून जिंकलो?"

"आक्का!" अख्ख्या गल्लीतल्या गॅलऱ्या ओरडल्या. माझी मुलगी माझ्या शेजारी उभी होती, तीही ओरडली.

मधुभैया जीपवरून उतरले. मिरवणूक पुढे जायला निघाली होती, ती थांबली, कारण ते आमच्या अंगणात शिरले होते. कपाळापासून चपलांपर्यंत गुलाल, हातात पेढ्यांचा डबा. दार उघडंच होतं. त्यांनी बेल वाजवली.

आक्का बाहेर आल्या.

"मतदाराले भेटायले आलो," मधुभैया म्हणाले. त्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि डबा पुढे धरला. नियम तोच होता. मत दिलं नसेल त्याला पेढा.

आक्कांनी डब्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि लहान मुलीसारखे दोन्ही हात पाठीमागे नेले.

मधुभैया तसेच उभे राहिले. मग त्यांनी मान वर केली. या वेळी मी कपड्यांचं सोंग केलं नव्हतं, सरळ कठड्यावर वाकले होते. त्यांच्या गालांवरच्या गुलालात दोन ओल्या रेघा उमटल्या होत्या, आणि ढोलाच्या वर आवाज काढून, सगळ्या तात्यापाऱ्याला ऐकू जाईल असं ते ओरडले,

"वहिनी! आक्कानं पेढा नाई घेतला!"